उद्या सकाळी या

सॉक्रेटिस म्हटलं की आपल्याला विषाचा पेलाच आठवतो. इ.स.पू. 399 मधला खटला, सुमारे 500 पंच, सत्तरीचा म्हातारा आणि त्याने शांतपणे पिऊन टाकलेलं हेमलॉक. मकरंद साठे यांचं ‘सूर्य पाहिलेला माणूस’ ज्यांनी पाहिलं, त्यांच्या डोळ्यांपुढे तर डॉ. श्रीराम लागूच उभे राहतात. मरण मोठं होतंच. पण ते आपल्याला इतकं आवडतं ते त्यात आपल्याला काही करावं लागत नाही म्हणून, अशी मला शंका आहे. हात जोडले की झालं. त्याच्यासमोर बसून बोलायचं म्हणजे मात्र कठीण काम.

अशी एक बैठक प्लेटोने ‘लाखेस’ या संवादात रंगवली आहे. (सॉक्रेटिसने स्वतः एक ओळ लिहिली नाही. असा लेखक दिवाळी अंकाला परवडत नाही.) अथेन्समधले दोन बाप पोरांच्या काळजीत आहेत. चिलखत चढवून लढण्याची कला शिकवणारा एक गुरू आलाय, त्याच्याकडे पोरांना घालावं का? क्लासच्या चौकशा तेव्हाही होत्या. सल्ल्याला दोन सेनापती बोलावले. निकियास म्हणाला, जरूर घाला. लाखेस म्हणाला, काही उपयोग नाही. बाप सॉक्रेटिसकडे वळले: तू म्हणशील तसं करू. तो म्हणाला, मतं काय मोजता? यातलं कळतं कोणाला ते आधी बघा. आणि मग हळूच, शौर्य म्हणजे काय हो?

लाखेसला यात अवघड काही दिसेना. जागा सोडून पळत नाही तो शूर! सॉक्रेटिसने सिथियन घोडेस्वार पुढे केले. ते तर मागे हटत हटतच लढतात, ते काय भित्रे? खरी गंमत पुढे आहे. इ.स.पू. 424 मध्ये डेलियमला अथेन्सचा पराभव झाला, तेव्हा माघारीत सॉक्रेटिस लाखेसच्या सोबत होता आणि त्याचं धैर्य लाखेसने स्वतः पाहिलं होतं. शेजारून चाललेलं शौर्य त्याने ओळखलं, पण शब्दांत धरता येईना.

निकियास जास्त हुशार. कशाला भ्यावं आणि कशाला नाही, हे कळणं म्हणजे शौर्य, असं तो म्हणाला. भविष्यवेत्त्याने सेनापतीच्या हुकमात राहावं, असाही एक मुद्दा याच ओघात येऊन गेला. पुढे इ.स.पू. 413 मध्ये सिराक्यूजच्या वेढ्यातून निघायच्या वेळी चंद्रग्रहण लागलं, आणि याच निकियासने भविष्यवेत्त्यांचं ऐकून माघार 27 दिवस लांबवायची ठरवली. सैन्य बुडालं, तोही मारला गेला. प्लेटोच्या वाचकांना हे सगळं ठाऊक होतं.

प्रश्न विचारणाऱ्याची भीती मात्र नंतरही गेली नाही. सॉक्रेटिसचं खटल्यातलं बचावाचं भाषण गांधीजींनी 1908 मध्ये गुजरातीत आणलं, तर 1910 मध्ये मुंबई सरकारने ती पुस्तिका जप्त केली. 2300 वर्षांनी खटला पुन्हा चालला, निकाल तोच.

आमच्या अंकातही लाखेस-निकियाससारख्या ठाम मतांना तोटा नाही. चकलीबरोबर निमूट गिळू नका, अडवा त्यांना. संपादकालाही. पत्ता शेवटच्या पानावर आहे.

‘लाखेस’च्या शेवटी शौर्य म्हणजे काय ते कोणालाच सांगता आलेलं नसतं. त्या दोन बापांपैकी म्हातारा लिसिमाखस सॉक्रेटिसला म्हणतो, उद्या सकाळी घरी या. सॉक्रेटिस म्हणतो, देवाच्या मनात असेल तर येतो.