मेल्या बैलाचा पंचनामा, जित्याचे काय?



२०२३ साल आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपले मालेगाव, सिन्नर, येवला होते. महिना उलटायच्या आत, २६ नोव्हेंबरला, जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारा! कपाशीला पाते लागले तेव्हा पाणी नाही; वेचणीला आली तेव्हा आभाळ फाटले.

वाईट साल कोरडवाहू शेतकऱ्याला नवे नाही. पण कोळसा-तेलाच्या धुराने पृथ्वी तापते आहे. तापलेली हवा जमिनीची ओल लवकर पिते आणि बाष्प जास्त धरते. त्यामुळे खंड पडला की पीक होरपळते, पाऊस आला की कोसळतो. बैलाच्या औतावर शेत करणाऱ्याने हा धूर केलेला नाही. भोगतो मात्र तोच.

सरकार नुकसान हेक्टरात मोजते. गोठ्यातला हिशेब कोण करणार? ज्वारीबरोबर कडबाही जातो, वैरण विकत घ्यावी लागते. पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष साठते. भुकेले जनावर तोंड घालते आणि किराळ लागून पडते. उन्हात संकरित गाय धापा टाकते, खाणे सोडते, दूध आटते, माजावर येत नाही. जनावराच्या पाण्याचे हंडे शेवटी बाईच्याच डोक्यावर.

केंद्राचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे मदतीचे निकष पाहा. आपत्तीत दुभती गाय-म्हैस मेली तर ३७,५०० रुपये, बैल मेला तर ३२,०००. जिवंतपणी झालेल्या नुकसानीला रकानाच नाही. त्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट आहे, उन्हाची नाही. यादी करणाऱ्याला थंडी वाजली असेल. मे महिन्यातले मालेगाव त्याने पाहिलेले नाही!

आपली मागणी साधी आहे. पुढच्या यादीत उन्हाची लाट हवी, माणसाबरोबर जनावरासाठीही. पंचनाम्यात धान्याशेजारी कडब्याचा रकाना हवा.

मागायला जाताना हातात आकडे पाहिजेत. चैत्र-वैशाखात गावोगाव वही घाला: रोजचे दूध, वैरणीचा खर्च, पाण्याच्या खेपा, आजारी जनावरे. डेअरीच्या पावत्या जपून ठेवा. वही बायांनी लिहावी. गोठा त्यांनाच ठाऊक असतो. उन्हाळा संपल्यावरच्या जिल्हा बैठकीला त्या वह्या घेऊन या.