परदेशातल्या मुलांसाठी पक्कं झाकण, आपल्या मुलांसाठी थंड पेयाची बाटली?

युरोपीय संघाचा पॅकेजिंगविषयीचा नवा कायदा ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अमलात आला. त्यातल्या बहुतेक तरतुदी लागू होण्याची तारीख १२ ऑगस्ट २०२६ आहे. बाटली, झाकण, खोका नियमात बसतो याचं लेखी घोषणापत्र आणि तपासणीची कागदपत्रं उत्पादकाला तयार ठेवावी लागतील. शिसं, कॅडमियम, पारा आणि विषारी प्रकारचं क्रोमियम हे चारही मिळून पॅकेजिंगमध्ये किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर चालणार नाहीत. भारतातून तिकडे जाणाऱ्या फरशी-संडास साफ करण्याच्या मालालाही हे बंधन आहे.

वाचून वाटेल, हा कारखानदारांचा विषय, आपल्याला काय करायचंय? पण आम्हाला यात आपल्या मोरीतली बाटली दिसते.

तिकडे जाणारी बाटली

ॲसिड किंवा तीव्र ब्लीच जहाजाने पाठवायचं तर साधा कॅन चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे तो तपासून घ्यावा लागतो. आपल्याकडे हे काम मुंबईत अंधेरीला मुख्यालय असलेली भारतीय पॅकेजिंग संस्था करते. प्लास्टिकचा भरलेला कॅन उणे १८ अंशांपर्यंत थंड करून खाली टाकतात. मध्यम धोक्याच्या मालासाठी ही उंची १.२ मीटर असते. कॅन फुटला, गळला की नापास. त्यातलं रसायन प्लास्टिकला खातं का, हेही पाहावं लागतं. त्यासाठी भरलेला कॅन सहा महिने ठेवण्याची पद्धत आहे.

घरगुती बाटलीची परीक्षा वेगळी. युरोपात कातडी जाळणारं रसायन सामान्य ग्राहकाला विकायचं तर मुलांना उघडता न येणारं झाकण सक्तीचं आहे. दिसत नसलेल्या माणसाला बोटाने कळावी म्हणून बाटलीवर उठावाची त्रिकोणी खूणही लागते.

झाकणाची परीक्षा तर खुद्द मुलंच घेतात. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हातात आत निरुपद्रवी वस्तू असलेली बाटली देतात. पाच मिनिटं खटपट करू देतात. मग न बोलता उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. दातांनी उघडली तरी चालतं. दाखवण्याआधी १०० पैकी ८५ मुलांना आणि शेवटपर्यंत ८० मुलांना ती उघडता आली नाही, तरच झाकण पास. शिवाय ५० ते ७० वर्षांच्या मोठ्यांपैकी ९० टक्के लोकांना ती उघडता यायला हवी. म्हणजे नातू अडला पाहिजे, नानी अडता कामा नये.

आणि आपल्या घरातली?

आम्ही वर्गात विचारलं, "घरी फिनाईल कशात ठेवतात?" बहुतेक हात थंड पेयाच्या बाटलीसाठी वर गेले. एक मुलगी म्हणाली, "टीचर, आमच्याकडे पाण्याच्याच बाटलीत असतं. अम्मी गळ्याला काळा धागा बांधते, म्हणजे कळतं." अम्मीला कळतं. पण दोन वर्षांच्या धाकट्या भावाला त्या धाग्याचा अर्थ कोण सांगणार? फिनाईल पाण्यात घातलं की दुधासारखं पांढरं दिसतं. ॲसिड तर पाण्यासारखंच दिसतं.

सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. विक्रीची नोंद, ओळखपत्र आणि १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही, असे ते आदेश होते. पण तो प्रश्न ॲसिड हल्ल्यांचा होता. घरातल्या लेकराच्या हाती लागणाऱ्या बाटलीचा प्रश्न तसाच राहिला.

याचं कारण आम्हाला साधं वाटतं. पक्कं झाकण बनवता येत नाही असं नाही. बाहेरचा गिऱ्हाईक कायद्याच्या जोरावर ते मागतो, आपण मागत नाही. गल्लीत येणाऱ्या फेरीवाल्याकडून सुटं फिनाईल स्वस्त मिळतं आणि बाटली आपणच घरून नेतो. एकदा माल दुसऱ्या बाटलीत ओतला की झाकण, लेबल, सगळ्या तपासण्या तिथेच संपल्या. चांगल्या कंपनीचा मोठा कॅन आणून घरी लहान बाटल्यांत भरला, तरी तेच.

सरकारने देशातल्या विक्रीलाही असं झाकण सक्तीचं करावं, ही मागणी आपण करायला हवी. तोवर हातात आहे ते करू या. साफसफाईचं रसायन खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीच ओतू नका. मूळ बाटली ठेवा, तीही वरच्या फळीवर. ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. मूल काही प्यायलं तर उलटी करवू नका. तोंड पाण्याने धुवा आणि बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. आत काय होतं, हे डॉक्टरांना कळलं पाहिजे.

आमच्या ज्या भगिनी बचत गटातून फिनाईल बनवून विकतात त्यांनाही विनंती: जुन्या पेयाच्या बाटल्या वापरू नका. नवी बाटली, घट्ट झाकण आणि मराठी-उर्दू दोन्हीत ठळक 'विषारी' एवढं तरी करा. दोन रुपये जास्त लागले तर गिऱ्हाइकाला कारण सांगा. आई असेल तर तिला पटेल.