ई-२० पेट्रोलमुळे गाडीचं ॲव्हरेज खरंच किती घटतं? गाडीवाले का चिडलेत आणि सरकार काय म्हणतंय?

गाडी घेताना रंग, फीचर्स, सनरूफ सगळं बघून झालं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "पण ॲव्हरेज किती देते?" २०२५ च्या पावसाळ्यात हाच प्रश्न गाडी घेऊन पाच-दहा वर्षं झालेले लोकही विचारू लागले. गाडी तीच, रस्ता तोच, मग पेट्रोल जास्त का लागतंय?

बोट दाखवलं गेलं ई-२० कडे. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

हे पेट्रोल आलं कधी?

२०१४ च्या सुमारास देशात पेट्रोलमधलं इथेनॉल जेमतेम दीड टक्का होतं. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर पोहोचलं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं, पण सरकारने ते अलीकडे ओढलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोजक्या पंपांवर ई-२० मिळू लागलं आणि २०२५ मध्ये ते देशभरात नेहमीचं पेट्रोल बनलं.

खरी अडचण इथे आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पार्ट्स ई-२० सहन करतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत मात्र ई-१० पर्यंतचीच शिफारस आहे. रस्त्यावर अशा गाड्या कोट्यवधी आहेत आणि बहुतेक पंपांवर त्यांच्यासाठी वेगळा नोझल नाही.

ॲव्हरेज किती घटतं?

इथे हिशेब सोपा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. टाकीत २० टक्के इथेनॉल असेल, तर एकूण ऊर्जा सहा ते सात टक्क्यांनी कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घटीचाच अंदाज होता. ई-२० साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींमध्ये ही घट एक-दोन टक्के राहील, असं त्यात म्हटलं होतं.

पण एक गोष्ट सहसा सुटते. ही तुलना शुद्ध पेट्रोलशी आहे. २०२२ पासून लोक ई-१० वापरतच होते, म्हणजे निम्मी घट तेव्हाच होऊन गेली होती. ई-१० वरून ई-२० वर येताना ऊर्जेचा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरतो.

मग काही जण १५-२० टक्के घट झाल्याचं का सांगतात? पावसाळ्यातलं ट्रॅफिक, सतत चालू असलेला एसी, टायरमधली कमी हवा आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यावर ठेवलेला भरवसा, ही नेहमीची कारणं. एवढी मोठी घट एकट्या इथेनॉलने होईल, असं ऊर्जेचं गणित सांगत नाही. पण घट होतच नाही, असंही ते सांगत नाही.

खिशावर किती भार?

समजा, १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालते. सहा टक्के घट धरली तर चार लिटरच्या आसपास जास्त पेट्रोल लागतं. लिटरला १०० रुपये धरले तर महिन्याला ४०० आणि वर्षाला साधारण ५,००० रुपये. एखाद्या सर्व्हिसिंगचा खर्च म्हणा ना.

नीती आयोगाच्या त्याच अहवालात मिश्रित पेट्रोल स्वस्त असावं, असं सुचवलं होतं. ते झालं नाही. पेट्रोलियम मंत्रालयाचं स्पष्टीकरण असं, की तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं. २०२५ मध्ये ते कंपन्यांना लिटरला सरासरी ७१ रुपयांच्या पुढे पडत होतं.

सरकारची बाजू काय?

मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ॲव्हरेजमधली घट किरकोळ असल्याचं म्हटलं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, प्रदूषण कमी होतं आणि २०१४-१५ पासून १.४४ लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचलं, असा त्यांचा दावा आहे. काही जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे मात्र मंत्रालयानेही मान्य केलं. ई-२० मुळे विमा रद्द होतो, ही चर्चा त्यांनी फेटाळली.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

महाराष्ट्रात या वादाला दुसरी बाजूही आहे. इथले साखर कारखाने इथेनॉलवर बरेच अवलंबून आहेत. कारखान्याला तेल कंपन्यांकडून लवकर पैसे मिळाले, तर ऊसबिलं वेळेवर निघायला मदत होते. त्यामुळे एकाच घरात उसाच्या बिलाची वाट बघणारे वडील आणि ॲव्हरेजवरून कुरकुरणारा मुलगा असू शकतो.

ब्राझीलमध्ये कसं चालतं?

ब्राझीलचं उदाहरण दोन्ही बाजू देतात. तिथे ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे. पण तिथे २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात आणि पंपावर इथेनॉल वेगळंही मिळतं. त्याचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ते परवडतं, हा तिथल्या गाडीवाल्यांचा ठोकताळा आहे. भारतातल्या जुन्या गाडीवाल्याला असा हिशेब करायची सोयच नाही.

जुनी गाडी असेल तर काय करावं?

माहितीपुस्तिका किंवा पेट्रोलच्या झाकणाजवळचा स्टिकर बघावा. टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य करावा, पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं ते बघून ॲव्हरेज काढावं आणि असं तीन-चार वेळा करावं. सर्व्हिसिंगला फ्युएल पाईप आणि सील तपासून घ्यावेत. इथेनॉल ओलावा शोषतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये.

गाडी भंगारात काढण्याइतकं हे संकट नाही. पण वर्षाला काही हजारांचा भुर्दंड खरा आहे आणि तो नेमका जुनी गाडी जपून वापरणाऱ्यावर पडतोय. देशाचं परकीय चलन वाचत असेल, तर त्यातला थोडा वाटा पंपावरच्या भावात का दिसू नये, या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.