विजेरीची पारख पायाखालच्या उजेडाने

नागपूरच्या धरमपेठेतील एखाद्या दुकानात काटोल, कळमेश्वर किंवा हिंगणा तालुक्यातील शेतकरी विजेरी घ्यावयास उभा राहिला, म्हणजे तिची परीक्षा बहुधा एकाच रीतीने होते. दुकानदार कळ दाबतो, झोत रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर पडतो, आणि जिचा झोत अधिक दूर पोहोचतो ती विजेरी अधिक चांगली ठरून विकली जाते. पुढे हीच विजेरी गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या ओलितावर जाते, आणि तेथील कामाचा त्या वरच्या मजल्याशी काडीचाही संबंध नसतो. शेतात तिने धुरा दाखवावयाचा असतो, दांड फुटला की काय ते दाखवावयाचे असते, आणि मुख्यतः पुढचे पाऊल जेथे पडणार ती हातभर जमीन दाखवावयाची असते. रात्रीच्या शेतीकामासाठी विजेरी निवडताना झोताच्या लांबीला पहिले स्थान देणे ही चूक होय. पहिली कसोटी पायाखालच्या उजेडाची, आणि दुसरी भरवशाची असली पाहिजे.

रात्रीचे काम टळत नाही

रात्री शेतात जाणे ही शेतकऱ्याची हौस नव्हे. महाराष्ट्रात कृषिपंपांना गेली अनेक वर्षे दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास, अशा आळीपाळीने वीज देण्याची पद्धत चालत आली. ज्या आठवड्यात पाळी रात्रीची, त्या आठवड्यात ओलीतही रात्रीचेच. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळविण्यासाठी ऐन थंडीत, ओल्या मातीत आणि गुडघाभर पिकातून माणसाला फिरावे लागते. त्याखेरीज रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागल करावी लागते ती वेगळीच. या सर्व कामांत विजेरी हे विळा-कुदळीइतकेच आवश्यक अवजार होय. परंतु विळा घेताना पात्याचे पाणी पाहणारा शेतकरी विजेरी मात्र खेळणे घेतल्यासारखी घेतो, आणि ती दोन महिन्यांत बिघडली म्हणजे नशिबाला बोल लावतो.

या हेळसांडीची किंमत कधी कधी जिवाने द्यावी लागते. भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज काढला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती, आणि जवळजवळ निम्मी तीस ते एकोणसत्तर वर्षे वयाची, म्हणजे घर चालविणाऱ्या वयाची होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांपैकी मण्यार रात्री संचार करतो. घोणस माणसाची चाहूल लागूनही पुष्कळदा जागची हलत नाही, धसकटांत वा गवतात पडून राहते, आणि तिच्यावर पाय पडला की दंश करते. अशा वेळी दोनशे मीटरांवरचे झाड लख्ख दिसले आणि दोन हातांवरची घोणस दिसली नाही, तर त्या उजेडाचा उपयोग काय?

दिव्याखालचा अंधार

दिव्याखाली अंधार ही म्हण समईवरून व कंदिलावरून आली असली, तरी आजच्या लांब झोताच्या विजेरीला ती अधिकच लागू पडते. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घेऊन शेतात जाणाऱ्या मागील पिढीला दूरचे फारसे दिसत नसे, हे खरे. परंतु कंदिलाचा मंद उजेड चोहोकडे पसरत असे, आणि चालणाऱ्याच्या पायाभोवती चार हातांचे वर्तुळ उजळलेले असे. आजची झोताची विजेरी तोच प्रकाश एका लहान ठिपक्यात गोळा करून दूर फेकते. ठिपका अतिशय तेजस्वी असल्यामुळे डोळे त्याला सरावतात आणि भोवतालचा अंधार अधिकच गडद वाटू लागतो. अशा रीतीने उजेड वाढूनही दिसणे कमी होते.

यास्तव चालण्यासाठी रुंद व सारख्या पसरणाऱ्या उजेडाची विजेरी घ्यावी. असा उजेड असेल तर ५० ते १०० ल्यूमेन एवढा प्रकाश धुऱ्यावरून चालावयास पुरतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप होय. तो प्रकाश कोठे पडतो, हे त्या मापावरून कळत नाही. बांधापलीकडे कशाची हालचाल झाली हे पाहण्यासाठी दूरचा झोतही लागतो, हे नाकारता येत नाही. परंतु त्याची गरज क्षणभराची, आणि पायाखालच्या उजेडाची गरज रात्रभराची असते. ज्या विजेरीत मंद व प्रखर असे दोन्ही टप्पे आहेत, आणि कळ दाबताच प्रथम मंद टप्पा लागतो, ती शेतकऱ्याच्या सोयीची.

उजेडाच्या रंगाकडेही लक्ष द्यावे. संत्र्याच्या बागेत ठिबकाच्या काळ्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या असतात. वेदान्तात दोरीवर सापाचा भास होतो असे सांगतात. बागेत साप पडलेला असतो आणि भास नळीचा होतो. निळसर पांढऱ्या प्रकाशात तपकिरी माती, तपकिरी पाचोळा आणि तपकिरी साप यांतील फरक पुसट होतो. किंचित पिवळसर, म्हणजे सुमारे ४,००० ते ५,००० केल्विनचा प्रकाश या कामी बहुधा बरा पडतो.

विजेरी कोठे धरावी यालाही महत्त्व आहे. ती कमरेजवळ धरली तर जमिनीवरील वस्तूची सावली पडते आणि वस्तू उठून दिसते. डोक्याला बांधलेल्या विजेरीचा प्रकाश नजरेच्याच रेषेत जातो, त्यामुळे सावल्या नाहीशा होऊन जमीन सपाट भासते. पौषातील धुक्यात तर तो प्रकाश परतून डोळ्यांवर येतो. म्हणून चालताना हातातली विजेरी वापरावी. मात्र स्टार्टरच्या पेटीशी किंवा फुटलेल्या दांडाशी काम करताना दोन्ही हात मोकळे हवेत, आणि तेथे डोक्याची विजेरीच योग्य. एका हातात विजेरी धरून, दुसऱ्या ओल्या हाताने विजेच्या पेटीत चाचपडणे हा प्राणघातक उद्योग होय. तात्पर्य, एका मोठ्या विजेरीपेक्षा दोन साध्या विजेऱ्या केव्हाही श्रेष्ठ. एक बंद पडली तर दुसरी घरापर्यंत सोबत करते.

खोक्यावरील आकड्यांचा अर्थ

विजेरीच्या खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. ते खोटेच असतात असे नव्हे, पण त्यांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत २००९ साली ठरलेले ‘एफएल-१’ नावाचे मानक पुष्कळ उत्पादक पाळतात. त्या मानकाप्रमाणे झोताचा पल्ला म्हणजे जेथे प्रकाश पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. म्हणजे ‘३०० मीटर’ असे लिहिले असेल, तर तीनशे मीटरांवर चांदण्याएवढे दिसेल, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा राहतो. म्हणून पल्ला दुप्पट करावयाचा तर झोत चौपट प्रखर करावा लागतो, आणि त्यासाठी एकतर सेल लवकर संपतो किंवा झोत अधिकच अरुंद होतो. त्याच मानकात विजेरी किती तास चालते हे मोजताना, प्रकाश आरंभीच्या एकदशांशावर येईपर्यंतचा काळ धरतात. ‘१० तास’ असे छापलेल्या विजेरीचा पूर्ण उजेड एखाद्या तासातच ओसरू शकतो. हे न कळल्यामुळे अनेकांना आपली फसवणूक झाली असे वाटते.

सेलाचा हिशेब करणे शेतकऱ्याला मुळीच अवघड नाही. अलीकडच्या बऱ्याच विजेऱ्यांत ‘१८६५०’ या नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, यावरून ते नाव पडले. चांगल्या सेलाची धारणाशक्ती २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. ३,००० चा सेल आणि ३.७ व्होल्टचा दाब धरला, तर सुमारे ११ वॉट-तास एवढी ऊर्जा हाती येते. एक वॉट खाणारा एलईडी दिवा सुमारे १०० ल्यूमेन प्रकाश देऊन त्यावर दहा तास चालेल, म्हणजे रात्रीची संपूर्ण पाळी निघेल. तोच दिवा दहा वॉटचा असेल तर तासाभरात अंधार. आणि एवढ्याच आकाराच्या सेलावर ‘९,९००’ असा आकडा छापलेला आढळला, तर तो सेल निःसंशय खोटा समजून परत करावा. लिथियम सेलांसाठी भारतीय मानक ब्यूरोची आय.एस. १६०४६ या मानकाखालील नोंदणी सक्तीची आहे. ते चिन्ह पाहून घ्यावे आणि पावती मागावी.

शिशाच्या बॅटरीची विजेरी स्वस्त असते, पण ती रिकामी करून महिनोन्महिने ठेवली तर कायमची निकामी होते. हंगाम नसला तरी ती अधूनमधून चार्ज केली पाहिजे. साध्या कोरड्या सेलांची विजेरी वीज नसलेल्या ठिकाणी आजही उपयोगी आहे. मात्र काम संपताच सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतील पट्ट्या गंजतात. लिथियम सेल फुगला तर तो लगेच वापरातून काढावा, आणि चार्जिंग कडब्याच्या गंजीजवळ किंवा अंथरुणावर कदापि करू नये. पाण्यापासून बचावाची खूणही पाहावी. ‘आयपीएक्स-४’ म्हणजे उडालेल्या पाण्यापासून रक्षण, आणि ‘आयपीएक्स-७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडूनही टिकाव. दांडात विजेरी पडणे ही नित्याची गोष्ट असल्यामुळे दुसरी खूण असलेली विजेरी घेणे हिताचे.

उजेड कोणाच्या हाती?

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. पुष्कळ घरांत चांगली विजेरी मालकाच्या उशाशी असते, आणि रात्री पाणी वळवावयास जाणारा सालदार, मजूर किंवा घरातील स्त्री मोबाइलच्या मिणमिणत्या दिव्यावर काम भागविते. मोबाइलचा दिवा हातातून निसटला की उजेडही गेला आणि मदतीला हाक मारण्याचे साधनही गेले. जो चिखलात उतरतो त्याच्या हाती उत्तम उजेड असावा, हा साधा न्याय आहे. पंप, नळ्या, बियाणे यांवर हजारो रुपये खर्चणाऱ्या शेतकऱ्याने सालदाराच्या विजेरीत आणि गमबुटात काटकसर करू नये. विजेरी, गमबूट आणि काठी यांची सांगड घातली तरच रक्षण पुरे होते. काठीने जमीन ठोकीत चालल्यास हादऱ्यांनी पुष्कळ साप बाजूला होतात. जे होत नाहीत त्यांच्यासाठी उजेड.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना या बाबतीत पुष्कळ करता येण्याजोगे आहे. अमावास्येच्या सुमारास एखाद्या शेतात प्रात्यक्षिक ठेवावे. गावातील निरनिराळ्या विजेऱ्या आणावयास सांगाव्यात, धसकटांत व गवतात दोरीचे तपकिरी तुकडे टाकावेत, आणि चालत जाताना कोणत्या विजेरीने किती तुकडे दिसतात ते ज्याचे त्याला मोजू द्यावे. अशा एका रात्रीत जे पटते ते दहा व्याख्यानांनी पटत नाही. शेतकरी गटाने मिळून खरेदी केली तर आधी एक नमुना आणून रात्रभर जाळून पाहता येतो, आणि मगच बाकीच्या विजेऱ्या घेता येतात.

इतकी काळजी घेऊनही दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये, आणि मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. माणसाला धीर द्यावा, अंगठ्या व जोडवी काढावीत, दंश झालेला अवयव हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. ते रुग्णालय कोणते, हे हंगामापूर्वीच विचारून ठेवावे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने २०२४ साली जाहीर केला. त्याची सिद्धी शेवटी धुऱ्यावरच व्हावयाची आहे.

विजेरी हा रात्रीच्या ओलितावरचा अंतिम इलाज नव्हे. खरा इलाज दिवसाच्या विजेचा. २०१७ साली सुरू झालेली आणि २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेची आहे, आणि शेतकऱ्यांनी तिचा आग्रह धरणे सर्वथा उचित होय. परंतु जोवर एखाद्याही शेतावर रात्री पाणी वळवावे लागते, तोवर तेथे जाणाऱ्याचे पाऊल उजेडात पडले पाहिजे. पुढील वेळी धरमपेठेतील दुकानात विजेरी हाती आली, म्हणजे तिचा झोत वरच्या मजल्याकडे न वळवता दुकानाच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यातील जमिनीकडे वळवावा. तेथे जे दिसेल तेच शेतात दिसणार आहे.