रोख्यांवरचा नफा वाटण्यापूर्वी

फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला आणि ज्या नागरी सहकारी बँकांकडे लांब मुदतीचे सरकारी रोखे होते, त्यांच्या ताळेबंदाला तरतरी आली. दर उतरले की जास्त व्याजाच्या जुन्या रोख्यांचा भाव चढतो. त्यात संचालक मंडळाचे कौशल्य थोडेच. तरी वार्षिक सभेत हा नफा कर्तबगारी म्हणून मिरवला जातो, लाभांश वाढवा अशी मागणी येते आणि पुढच्या खरेदीला ‘आणखी लांबचे घ्या’ असा आग्रह सुरू होतो. आमचा आक्षेप या आग्रहाला आहे.

हिशेब सोपा आहे. बाजारातील परतावा एक टक्क्याने वाढला, तर दहा वर्षांच्या रोख्याचा भाव ढोबळमानाने सात टक्क्यांनी पडतो, तीन वर्षांच्या रोख्याचा पावणेतीनच्या आसपास. शंभर कोटींवर सात कोटी! मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तो अनुभव एवढ्यात विसरावा इतका जुना नाही. शिवाय दीर्घ मुदतीचे दर रेपोच्या मागे मुकाट्याने चालतात असेही नाही. ६ जून २०२५ ला थेट अर्धा टक्का कपात झाली, पण धोरणाचा पवित्रा ‘तटस्थ’ होताच दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा उतरण्याऐवजी चढू लागला.

‘एचटीएममध्ये (मुदतपूर्तीपर्यंत धरून ठेवायच्या गटात) ठेवले की भावाची चिंता नाही’ हे उत्तर ठरलेले. कागदावर ते बरोबर आहे. ठेवीदाराने पैसे मागेपर्यंत. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडचे रोखे बुडीत नव्हते, बहुतांश सरकारी पाठबळाचेच होते. मार्च २०२३ मध्ये त्यांतले सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा तिने जाहीर केला, दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज काढायला रांग लावली (तीही मोबाइलवर), आणि १० मार्चला बँक बंद झाली. आधीच्या वर्षात कित्येक महिने तिथली मुख्य जोखीम अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी होती. आपल्याकडे अनेक ठिकाणी ती खुर्चीच नसते.

तेव्हा दर कुठे जाणार याचे भाकीत दलालांवर सोडावे आणि आपल्या ठेवी किती मुदतीच्या आहेत हे आधी पाहावे. वर्ष-दीड वर्षाच्या ठेवींवर पंधरा वर्षांचे रोखे घेणे हा सट्टाच, सरकारी शिक्का असला तरी. रोख्यांचे भाव पडल्यास तोटा झेलण्यासाठी ठेवायच्या गुंतवणूक चढउतार निधीची पाच टक्क्यांची अट ही किमान मर्यादा आहे. यंदाचा विक्रीनफा आधी तिथे जावा, लाभांश नंतर.

गुंतवणूक समितीच्या येत्या बैठकीत एक पानी तक्ता मागवा: परतावा एक टक्का वाढला तर तोटा किती, महिन्याभरात दहा टक्के ठेवी गेल्या तर कोणते रोखे विकावे लागतील, आणि त्यांना आज बाजारात काय भाव आहे.