फक्त पासष्ट किलोमीटर राहिले होते

गेल्या हिवाळ्यात मी ४०० किलोमीटरची एक राईड अर्धवट सोडली. अर्धवट म्हणजे तरी कुठे, तर अगदी शेवटी. कोल्हापूरहून हुबळीला जाऊन परत कोल्हापूरला यायचं होतं. ३३५ किलोमीटर झाले होते, ६५ राहिले होते. पहाटेचे सव्वातीन वाजले होते. सकाळी नऊपर्यंतची मुदत होती, म्हणजे हातात पावणेसहा तास होते. रमतगमत आलो असतो तरी वेळेत पोचलो असतो.

पण संकेश्वरच्या अलीकडे माझे डोळे मिटले. किती सेकंद ते सांगता येणार नाही. मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि मी दचकलो, तेव्हा चाक रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी सोडून आत, ट्रकच्या वाटेवर आलेलं होतं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि काचेतून हात काढून मला दोन शिव्या घातल्या. त्या शिव्यांचं मला आजही वाईट वाटत नाही. पुढच्या ढाब्यावर सायकल भिंतीला टेकवली, बाजेवर अंग टाकलं. वीस मिनिटं पडावं असा विचार होता. मोबाईलला गजर लावायचं राहिलं. उठलो तेव्हा साडेसात वाजले होते. दीड तासात ६५ किलोमीटर मला ताज्या पायांनीही जमत नाहीत. आयोजकांना फोन करून नाव काढून घेतलं आणि टेम्पोत सायकल टाकून घरी आलो.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. याला ब्रेव्हे म्हणतात, आपल्याकडे बीआरएम. फ्रान्समधल्या क्लबच्या नियमांनी जगभर चालतं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का किंवा सही घ्यायची. पहिला-दुसरा नंबर नसतो. तेरा तासांत आलेला आणि सव्वीस तासांत आलेला, दोघांची नोंद सारखीच. पंक्चर काढायचं तर स्वतः, खायचं तर वाटेतल्या हॉटेलात. मदतीची गाडी मागे फिरत नाही. मला या खेळातली ही बरोबरी आवडते. हजारांची सायकल असो की लाखांची, कार्ड एकच आणि घड्याळ एकच.

मुदतीत न पोचणाऱ्याच्या नावापुढे तीन अक्षरं लागतात : डीएनएफ. म्हणजे पूर्ण केलं नाही. माझ्या नावापुढे ती लागली आणि ग्रुपवर मेसेज सुरू झाले. ‘अरेरे, फक्त ६५ राहिले होते?’ ‘भाई, थोडी जिद्द दाखवायची.’ ‘मी तर गेल्या वर्षी झोपेतच आलो निपाणीपासून.’ या शेवटच्या मेसेजला सोळा जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांसाठी हा लेख आहे.

माझं म्हणणं साधं आहे. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये आपण पाय तयार करतो, छाती तयार करतो, पण थांबायचं कधी याची तयारी करत नाही. उलट न थांबण्याचं कौतुक करतो. हे कौतुक आता धोक्याचं झालं आहे, आणि ते करणाऱ्यांत मीही होतो.

जागरणाचं हे वेड आजचं नाही. १८९१ मध्ये पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्टपर्यंत जाऊन परत पॅरिसला यायचं, अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. शार्ल तेराँ नावाचा सायकलपटू ती एकाहत्तर तास आणि काही मिनिटांत जिंकला, आणि न झोपता जिंकला म्हणून गाजला. पण त्याच वाटेवर आज दर चार वर्षांनी जी राईड होते, तिचं चित्र वेगळं आहे. नव्वद तासांची मुदत असते आणि मोठ्या थांब्यांवर झोपायची सोय असते. थोडे पैसे भरायचे, किती वाजता उठवायचं ते सांगायचं आणि खाटेवर आडवं व्हायचं. तिथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे की झोप हा वेळेचा अपव्यय नाही, तो वेळापत्रकाचा भाग आहे. २०१९ साली आपल्याकडून मोठ्या संख्येनं लोक तिथं गेले होते. जातानाच समोरून वारा, रात्री गारठा. बहुतेकांना ती राईड मुदतीत पुरी करता आली नाही. म्हणून ते कच्चे ठरत नाहीत. ती वाटच तशी आहे.

झोप मारून सायकल चालवली तर मेंदू काय करतो, याचा एक किस्सा या खेळात सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी रॅम नावाची शर्यत आहे, सुमारे ४,८०० किलोमीटरची. १९८३ साली त्यात मायकल शर्मर हा सायकलपटू होता. ऐंशीहून जास्त तास जवळजवळ झोपेविना काढल्यावर नेब्रास्कात त्याच्या मदतीच्या गाडीनं त्याला विश्रांतीसाठी थांबवलं, तर त्याला वाटलं की ही माझी माणसं नाहीत, परग्रहावरून आलेले जीव आहेत आणि मला पळवून न्यायला आले आहेत. दीड तास झोपल्यावर सगळं जागच्या जागी आलं. पुढे त्यानंच हे लिहिलं, आणि माणूस नसलेल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवतो, हा त्याच्या लेखनाचा विषय झाला. आपण हा किस्सा हसत सांगतो. पण शर्मरच्या मागे गाडी होती, गाडीत माणसं होती, ती त्याला थांबवू शकली. संकेश्वरच्या अलीकडे माझ्या मागे ट्रक होता.

कुणी म्हणेल, जिद्द नसेल तर हा खेळच कशाला? बरोबर आहे. डोंगरातल्या सायकल शर्यतींत लेडव्हिल फार नावाजलेली आहे. कोलोरॅडोतलं ते खाणीचं गाव. १९८०च्या सुमाराला खाण बंद पडली आणि गाव ओस पडायची वेळ आली, तेव्हा केन क्लोबर या खाणकामगारानं गाव जगवण्यासाठी आधी १०० मैल धावण्याची आणि मग १९९४ मध्ये १०० मैल माउंटन बाइकची शर्यत सुरू केली. सुरुवातच समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर, आणि सर्वांत उंच ठिकाण सुमारे ३,८०० मीटरवर. तिथं स्पर्धकांकडून शपथ घेतली जाते की मी सोडणार नाही. मलाही ती शपथ आवडायची. एकेकाळी मी ती कागदावर लिहून हँडलवर चिकटवली होती.

पण ती शपथ कुठे दिली जाते ते बघा. ठरावीक अंतरावर मदतीची ठाणी आहेत, तिथं माणसं आहेत, आणि प्रत्येक ठाण्याला वेळेची अट आहे. वेळ संपली की तिथले लोक तुम्हाला अडवतात. तुमची शपथ तुमच्यापाशी, पुढे जायचं नाही. म्हणजे सोडणार नाही म्हणणारा एक आणि आता पुरे म्हणणारा दुसरा, असे दोघे तिथं असतात. आपण त्यातली शपथ तेवढी उचलली आणि अडवणारा माणूस तिथंच ठेवून आलो.

कोल्हापूरकरांना हे मी वेगळं काय सांगावं? तालमीत वाढलेल्या कुणालाही विचारा. जोर-बैठकांचा आकडा पैलवान मोजतो, पण कधी पुरे करायचं ते वस्ताद ठरवतो. खांदा दुखतोय हे पैलवान लपवतो, वस्तादाला ते चालण्यावरून कळतं. खुराकाइतकीच झोप महत्त्वाची, हे तिथं पहिल्या महिन्यात शिकवतात. आमच्या सायकलच्या खेळात पॉवरमीटर आला, कार्बन फ्रेम आली, वस्ताद मात्र आलाच नाही.

आता मी माझ्या तयारीत काय बदललं ते सांगतो. पन्हाळ्याचा चढ आठवड्यातून दोनदा होताच, तो आहे. महिन्यातून एकदा करूळचा घाट उतरून परत चढायचा, तोही आहे. शनिवारी १२० आणि रविवारी थकलेल्या पायांनी परत ८०, हे चालू आहे. दर तासाला काहीतरी खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही, हे अंगवळणी पडलं आहे. केळं, चिक्की, दहीभात, पाण्यात ओआरएस. नवीन आहे ती रात्र. दोन महिन्यांतून एकदा रात्री दहाला निघतो, सोबत एक जण असतोच. अडीच-तीनच्या सुमाराला, झोप येवो न येवो, बसस्टँडच्या बाकावर वीस मिनिटं पडतो. गजर दोन मोबाईलवर. सुरुवातीला झोप लागायचीच नाही, नुसता पडून राहायचो. आता लागते. लगेच झोपणं आणि लगेच उठणं हाही व्यायामच आहे, तो करूनच येतो.

शिवाय तीन खुणा ठरवल्या आहेत. समोरचा किलोमीटरचा दगड वाचून लगेच विसरलो, एकाच लेनमध्ये सरळ चालवता येईना, किंवा मान एकदा जरी खाली पडली, तर उतरायचं. विचार करत बसायचं नाही, कारण त्या वेळी विचार करणारं डोकंच शुद्धीवर नसतं. निर्णय घरी, दिवसाउजेडी घेऊन ठेवायचा आणि रस्त्यावर फक्त पाळायचा.

रमजानबद्दल काही तरुण वाचक विचारतात, रोजा धरून लांबची राईड करू का? माझं उत्तर, करू नका. मी त्या महिन्यात इफ्तारच्या आधी तासभर हलकं चालवतो, आणि उन्हाळ्यात रमजान आला तर तेही तराविहनंतर. पाण्याविना घाट चढून दाखवण्यात ना इबादत आहे ना खेळ. आजाऱ्याला आणि मुसाफिराला दीनानंच सवलत दिलेली आहे, रोजे मागाहून भरून काढता येतात. सवलत घेणारा कमी ईमानाचा ठरत नाही. मग ६५ किलोमीटर राहिले असताना बाजेवर आडवा झालेला कमी जिद्दीचा का ठरावा?

आणि डीएनएफचा इतिहास तरी काय सांगतो? रॅममध्ये एकट्यानं उतरणारे पहिले भारतीय म्हणजे बेंगळुरूचे समीम रिझवी, साल २०१०. त्या वर्षी त्यांची शर्यत पुरी झाली नाही. ते परत गेले. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली, एक चालवणार आणि दुसरा विसावणार, असं आळीपाळीनं. एकट्यानं मुदतीत पूर्ण करणारे पहिले भारतीय, श्रीनिवास गोकुळनाथ, २०१७ साली झाले. पहिला प्रयत्न आणि पहिली यशस्वी राईड यांत सात वर्षं आहेत. त्या सात वर्षांत जे पोचले नाहीत त्यांनी वाट कशी असते ते मागच्यांना सांगितलं. त्यासाठी ते जिवंत आणि धडधाकट परत यावे लागले.

आयोजक मित्रांकडे माझी दोन मागणी आहेत. ४०० आणि ६०० च्या राईडमध्ये रात्रीच्या एका तरी ठाण्यावर चार सतरंज्या आणि उठवणारा एक माणूस ठेवा. मंगल कार्यालयाचा हॉल, शाळेची ओसरी, काहीही चालेल. दुसरं, मेडल वाटायच्या कार्यक्रमात ज्यांनी राईड सोडली त्यांनाही दोन मिनिटं बोलू द्या. कुठे सोडली, का सोडली. नव्या पोरांना त्यातून जास्त कळेल. आणि बाकी आपण सगळे, ‘झोपेतच आलो’ या मेसेजला टाळ्या वाजवायचं थांबवूया.

शेवटी अब्बांचं सांगतो. ते शिरोलीला फाउंड्रीत होते, अठ्ठावीस वर्षं सायकलनं गेले-आले. त्यांना ब्रेव्हे म्हणजे काय ते अजून नीट कळलेलं नाही, पैसे भरून चारशे किलोमीटर कशाला चालवायचे हाच त्यांचा प्रश्न असतो. त्या रविवारी टेम्पोतून सायकल उतरवताना त्यांनी बघितलं आणि विचारलं, ‘काय झालं रे? पडलास?’

मी सांगितलं, पडलो नाही, झोप आली म्हणून सोडली.

‘मग बरं केलंस,’ ते म्हणाले. ‘रात्रपाळी सुटल्यावर डोळे जड असले की मी वॉचमनच्या बाकावर अर्धा तास टेकायचो. तुझी अम्मी म्हणायची उशीर का झाला. उशीरच झाला ना, म्हटलं.’

या डिसेंबरात पुन्हा तीच राईड आहे. नाव दिलं आहे. परतीच्या वाटेवर बेळगावला, ३०० किलोमीटरवर, अर्धा तास झोपायचं असं वेळापत्रकातच लिहून ठेवलं आहे. दोन मोबाईल बरोबर असतील. आणि खुणांपैकी एक जरी दिसली, तर पुन्हा डीएनएफ.