अळंबी बुडासकट काढा

पावसाने जोर धरला की कोकणात आणि गोव्यात वारुळांवर अळंबी उगवते. विदर्भात तिलाच टेकोडे म्हणतात. त्याच दिवसांत गवतात, उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यांवर नाना तऱ्हेच्या छत्र्या फुटतात आणि ‘ही खाल्ली तर चालेल का?’ असे फोटो मला व्हॉट्सॲपवर येऊ लागतात. फोटोवरून मी कधीच होकार देत नाही. इतर कोणी दिला, तरी तो मानू नका.

चांदीचे नाणे काळे पडले तर अळंबी विषारी, लसूण काळवंडला तर विषारी, किड्यांनी कुरतडली असेल तर खाण्याजोगी, या घरोघरच्या परीक्षा साफ खोट्या आहेत. ॲमनिटा कुळातल्या घातक जातींतल्या विषाने चांदी काळी पडत नाही. ते उकळून, वाळवून जात नाही. गोगलगायी तर अशी अळंबी खाऊन खुशाल जगतात.

खरी ओळख बरीचशी मातीत असते. वारुळावरच्या अळंबीचा दांडा मुळासारखा निमुळता होत खोल जातो, थेट वाळवीने जमिनीखाली राखलेल्या बुरशीच्या बागेपर्यंत. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. ॲमनिटाचे बूड मात्र फुगीर असते, बहुधा पांढऱ्या पिशवीत बसलेले, आणि दांड्यावर अनेकदा कडे असते. अळंबी वरच्या वर खुडली की ही पिशवी मातीतच राहते. म्हणून खुरप्याने भोवतालची माती सैल करून ती अख्खी काढावी. रस्त्याकडेला बुडे छाटून विकायला ठेवलेले अनोळखी वाटे मी घेत नाही.

मग टोपी कागदावर पालथी घालून वर वाटी झाकावी. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसतो. वारुळाच्या अळंबीचा गुलाबीसर, ॲमनिटाचा पांढरा. हिरवळीवर उगवणाऱ्या, खवले असलेल्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा हिरवट येतो. ती कोवळी असताना खालचे पडदेही पांढरेच दिसतात आणि माणूस फसतो. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. अर्थात एकट्या ठशावरही भिस्त ठेवू नये. जागा, बूड, कडे, ठसा, सगळे जुळायला हवे आणि ती जात वर्षानुवर्षे खाणाऱ्या जाणत्याने ती हातात घेऊन पाहायला हवी.

2022च्या एप्रिलमध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन 13 जण दगावले. ॲमनिटाचे विष उशिरा बोलते. सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबतात, बरे वाटू लागते, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. तेव्हा अळंबी खाल्ल्यावर त्रास झाला, तर उतार पडायची वाट पाहू नका. उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, सोबत घेऊन तडक मोठ्या रुग्णालयात जा. ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली, त्या सगळ्यांना बरोबर न्या.